सुलाची फांदी

सातपूर, नाशिक
३ एप्रिल २०२५

ती. पुंजामामांस,
नमस्कार.

काल मनोजचा फोन आला होता. दिंडोरीच्या एका बागायतदाराने जुनी द्राक्षबाग काढली, तेव्हा त्याची चेनसॉ तुम्ही घेतलीत आणि करंजपाड्याच्या शाळेजवळचा आंबा पाडायचं काम अंगावर घेतलंत, असं तो म्हणाला. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "बाबा चप्पल घालूनच कापत्यात." म्हणून हे पत्र.

फोन करत नाही. तुमच्याकडे रेंज टेकडीवर चढल्यावर मिळते, आणि फोनवर माणूस "हो, हो" म्हणून सुटतो. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं.

मी काय काम करते हे आईने तुम्हाला सांगितलं असेल किंवा नसेल. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, शेतीयंत्रांच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी चेनसॉ चालवायला शिकवते. लाइनवरच्या फांद्या तोडणारे ठेकेदार येतात, नगरपालिकेची माणसं येतात, बागायतदार येतात. आतापर्यंत तीनशे बारा जण शिकून गेले. एकाचंही बोट गेलेलं नाही.

तुम्ही मशीन चालू कशी करता? हँडलच्या पुढे उभी फळी आहे, ती पुढे ढकलल्यावर साखळी थांबते का? कापताना भुसा पिठासारखा पडतो की कपच्या पडतात? आंबा कोणत्या बाजूला झुकलाय, त्या बाजूला काय आहे? अंदाजाने उत्तर देऊ नका. बघून लिहा.

सोबत जाळीचं हेल्मेट, कानांवरची झाकणं, हातमोजे, एक कानस आणि पॅंटवर बांधायचं आवरण पाठवते आहे. आवरणात लांब धागे आहेत. साखळी लागली की धागे तिच्यात अडकतात आणि ती जागेवर थांबते. जड आहे, उकडतं, तरी बांधायचं. बुटाचा नंबर कळवा.

अकरा वर्षांपूर्वी सादडा पाडताना बाबांच्या पायावर झाड आलं. बुंध्याशी तुम्ही होता. त्याबद्दल मला आज काही लिहायचं नाही. पण यावेळी काम पद्धतशीर व्हायला हवं.

मीना भोये


करंजपाडा
१० एप्रिल

चि. मीनास,
पुंजामामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आन खोकं हरसूलच्या बाजारात मिळालं. यष्टीच्या डायवरनं मनोजच्या हातात दिलं. खाली सही "मीना भोये" बघून तुझी मामी म्हणली, "ही पंचायतीची नोटीस हाय का भाचीचं पत्र?" मी म्हणलं, नोटीसच हाय, पण संगं हेल्मेट धाडलंय.

ते घालून अंगणात आलो तर कोंबड्या पळाल्या. मामी म्हणली, अंतराळात चाललाय का?

आता तुझी उत्तरं. मशीन एका हातात लोंबती धरायची, दुसऱ्यानं दोरी वढायची, वढता वढता मशीन खाली सोडायची. झटक्यात चालू. दिंडोरीत सगळे आसंच करत्यात. ती उभी फळी म्हंजी ब्रेक हाय व्हय? मला वाटलं हाताला भुसा लागू नये म्हणून लावलीय. ढकलून पाहिली, साखळी थांबती. भुसा पिठावानी पडतो. बूट आठ नंबर.

आंबा लय म्हातारा हाय. शाळेची पोषण आहार शिजवायची खोली हाय ना, तिच्याकडं झुकलाय. मागल्या पावसात एक फांदी पडून दोन पत्रे फुटले. नशीब, भात वाढून झाला व्हता आन पोरं व्हरांड्यात बसली व्हती. ग्रामसभेत ठराव झाला, परवानगीचा कागद आला. सोळा जूनला शाळा उघडंल, त्याच्या आत तो पडला पायजे. मशीन गावात माझ्याकडंच. मी नाय म्हणलो तर तरणी पोरं कुऱ्हाडी घेऊन वर चढतील. मंग काय व्हईल ते तू मला नको सांगू, मी तुला नको सांगू.

येक गोष्ट. तू दवाखान्याच्या जिन्यात म्हणली व्हतीस, "मामा, आमच्या घरी परत येऊ नका." चवदा वर्षांची व्हतीस. मी आलो नाय. पत्राचं काय म्हणली नव्हतीस, म्हणून लिवतोय.

तुझा मामा
पुंजा


सातपूर
१६ एप्रिल

ती. मामांस,
नमस्कार.

बूट पाठवले आहेत. पुढे पोलादी टोपी आहे, म्हणून जड लागतील.

लोंबती मशीन चालू करणं आजपासून बंद. तसं करताना एका हातात चालू साखळी असते आणि दुसरा हात रिकामा असतो. मशीन सपाट जमिनीवर ठेवायची. ब्रेक पुढे ढकललेला. डावा हात पुढच्या हँडलवर, उजव्या बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये, मग दोरी. दिंडोरीत सगळे काय करतात याचा इथे संबंध नाही.

डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवून घट्ट धरा. बहुतेक जण तो वर ठेवतात. याचं कारण नीट वाचा. साखळीच्या पट्टीचं टोक असतं, त्याचा वरचा अर्धा भाग लाकडाला लागला तर साखळी लाकूड कापत नाही, लाकूडच तिला मागे फेकतं. मशीन तुमच्या तोंडाकडे उसळते. डोळ्याची पापणी लवायच्या आत. अंगठा खाली असेल तर हात सुटत नाही, मनगट फळीवर आपटतं आणि ब्रेक लागतो. म्हणून टोकाने कधीच कापायचं नाही, खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवर उभं राहून कापायचं नाही.

भुसा पिठासारखा पडतो म्हणजे साखळी बोथट आहे. बोथट साखळी माणूस जोर लावून दाबतो, आणि जोर लावणारा तोल घालवतो. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना कानस मारा, सगळ्या दातांवर सारखीच, एकाच दिशेने. कपच्या पडायला लागल्या की थांबा.

आधी पडलेल्या लाकडावर आठ-दहा दिवस हात बसवा. मग आंब्याकडे जा, पण मशीन न घेता. कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर जमिनीपासून छातीपर्यंत सगळीकडून ठोका आणि आवाज कुठे बदलतो ते खडूने खुणा करून ठेवा. घेर मोजा.

पाडायच्या पद्धतीत मुख्य गोष्ट बिजागरी; चित्र मागच्या पानावर काढलं आहे. ज्या बाजूला झाड पाडायचं, त्या बाजूला आधी खाच घ्यायची, फणसाची फोड काढल्यासारखी, जाडीच्या पाचव्या भागाएवढी खोल. मग मागून काप घ्यायचा, खाचेच्या तळापेक्षा दोन बोटं वर. पण आरपार नाही. मध्ये लाकडाची एक पट्टी शिल्लक ठेवायची, झाडाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढी. दार बिजागरीवर फिरतं तसं झाड त्या पट्टीवर फिरत खाली येतं. ती कापली की झाड कुणाचं ऐकत नाही.

सादड्याच्या वेळी तुम्ही ती ठेवली नव्हती, अशी माझी समजूत आहे. तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं हेही मला कळतं. म्हणूनच लिहिते आहे.

मीना भोये


करंजपाडा
३० एप्रिल

चि. मीनास,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी तुला खरं सांगतो, मनोज सांगायच्या आत. बाभळीचे ओंडके कापत व्हतो. येकाच्या मागं दुसरा ओंडका पडलेला, तो दिसला नाय. पट्टीचं टोक त्याला लागलं. मीने, मशीन बैलानं शिंग उडवावं तशी वर आली. मनगट त्या फळीवर आपटलं, साखळी गप्प. हेल्मेटाच्या जाळीपासून चार बोटांवर व्हती. अंगठा खाली व्हता. बास. मनगट सुजलंय, म्हणून मामी लिवतीय आन मी सांगतोय.

(मामी: अक्षर माझं हाय, शाणपण त्यांचं नाय. ते दोन दिस मशीनला हात लावत नव्हते. रोज घासून पुसून ठेवत व्हते नुसते.)

आता रोज तुझं पत्र वाचून काम चालू करतो. कपच्या पडत्यात. मशीन जमिनीवर ठेवून चालू करतो ते बघून शेजारचे हसत्यात. हसू दे.

आंबा ठोकला. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत ढोलावानी वाजतो. खोलीकडची बाजू तर आतून पोकळच. कमरंच्या वर मातुर खणखणीत. घेर येक मीटर नव्वद. शाळेच्या सरांच्या टेपनं मोजला.

आन बिजागरी. तुझ्या कागदावरचं चित्र मनोजनं मला दावलं. मी हसलो. मीने, त्याला आमी जीब म्हणतो. माझ्या बापानं मला करवतीवर शिकवली व्हती, तुझ्या मशीनच्या आधी. सादड्याचं खोड अजून जागेवर हाय. सरकारी कागद लागत नाय बघायला. मनोजला मोजायला लावलंय, चिठ्ठी संगं हाय.

पुंजा

(चिठ्ठी, मनोजच्या अक्षरात: सादड्याचे खोड. मधोमध वर आलेली कड राहिलेली आहे, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाडी एका टोकाला ५ सेंमी, दुसऱ्या टोकाला साडेपाच. पुढे खाच आहे. मागचा काप खाचेपेक्षा वर आहे. पाच फोटो काढले, टेकडीवर गेल्यावर पाठवतो.)


सातपूर
६ मे

ती. मामांस,
नमस्कार.

फोटो मिळाले. मी ते केंद्रातल्या मोठ्या स्क्रीनवर लावून पाहिले.

बिजागरी आहे. जाडी बरोबर आहे, दोन्ही टोकांना जवळजवळ सारखी आहे, धागे कापलेले नाहीत, ओढून तुटलेले आहेत. म्हणजे झाड जिथे पाडायचं ठरलं होतं तिथेच पडलं. माझ्या शिकाऊ माणसांपैकी दहातला एक जण इतका स्वच्छ काप घेतो.

मी चुकले होते. अकरा वर्षं ते खोड न बघता मी मत बनवलं. माझ्या कामात असं करणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढते.

आता एक प्रश्न उरतो. झाड ठरलेल्या जागी पडलं, तर बाबा त्या जागी काय करत होते? ते तुमच्यासोबत बुंध्याशी असायला हवे होते. मी त्या वेळी आश्रमशाळेत होते, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. लिहा.

आंब्याबद्दल. पोकळ भागात बिजागरी धरणार नाही, म्हणून काप कमरेच्या वर, खणखणीत लाकडात. खोड उंच राहील, राहू दे. झाड खोलीकडे झुकलेलं आहे, त्याला उत्तरेच्या रिकाम्या वावरात पाडायचं, म्हणजे झुकावाला आडवं. त्यासाठी तीन गोष्टी. खोलीकडच्या दोन मोठ्या फांद्या आधी उतरवायच्या, वर चढून, कमरेला दोरी बांधून, हातकरवतीने. मशीन झाडावर न्यायची नाही. बिजागरी खोलीकडच्या टोकाला पाच सेंटिमीटर आणि लांबच्या टोकाला आठ ठेवायची, म्हणजे ती झाडाला खोलीपासून ओढून धरेल. आणि दोन तृतीयांश उंचीवर दोर बांधून तो वावरातून सरपंचांच्या ट्रॅक्टरला. दोर झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब हवा.

तुमच्या मागे तिरक्या दोन वाटा साफ करून ठेवा, डावीकडे एक, उजवीकडे एक. झाड हललं की ब्रेक लावून त्यातल्या एका वाटेने मागे यायचं. सरळ मागे नाही; बुंधा मागे उसळतो.

झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात तुम्ही आणि मनोज सोडून कुणी नको. सगळीकडून पट्टी बांधा. लाल-पांढरी पट्टी मी पाठवते.

मी रविवारी ८ जूनला येते. त्याआधी पाडू नका.

मीना


करंजपाडा
१३ मे

चि. मीनास,
आशीर्वाद.

"मी चुकले" हे तुझ्या आईच्या घराण्यात कुणी लिवून दिल्याचं मला आठवत नाय. पत्र मामीला दोनदा वाचायला लावलं.

तुझा आराखडा झकास हाय. उंची मोजली, चवदा मीटर. दोर आणला. मनगट बरं झालं, अक्षर माझंच हाय. पण तुझ्या पट्टीचं काय खरं नाय.

तू शाळेत ऱ्हायलीस, तुला ठाऊक नसंल. आपल्याकडं झाड पडलं की सरपण बायांचं. मालक खोड नेतो, फांद्या बायांच्या. कुणाची कोणती, तर जिचा हात आधी लागंल तिची. हे माझ्या आजीच्या टायमापासून हाय. म्हणून बाया झाड पडायची वाट बघत नायत. कडाड वाजलं की धावत सुटत्यात. जाड फांदीला आधी हात लागला पायजे ना! धूळ बसायच्या आत फांदीवर बसलेल्या असत्यात. तुझी लाल-पांढरी पट्टी? तिचा दोर करून मोळी बांधून नेतील.

मी हिकडं सगळं तुझ्या सांगण्याबरहुकूम करीन. पण त्या येळेला माझी नजर झाडावर, कानावर झाकण. म्होरं कोण धावतंय ते मला ना दिसंल, ना ऐकू येईल. म्हणून सांगतो, बायांचं काय ते ठरल्याबिगर मी ह्या आंब्याला हात लावणार नाय. शाळा उघडली तरी चालंल. पोरांना व्हरांड्याच्या दुसऱ्या अंगाला बसवू. तरण्या पोरांना मी बघून घेईन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाय. तुझ्या आयला इचार. तिनं नाय सांगितलं तर समज, मला ठाऊक नाय.

पुंजा


सातपूर
१९ मे

ती. मामांस,
नमस्कार.

आईला विचारलं. जसं बोलणं झालं तसं लिहिते.

ती भाकरी करत होती. मी म्हणाले, "आई, सादडा पडला तेव्हा बाबा पुढे का गेले?"

तिने भाकरी उलटली. "पुंजानं सांगितलं?"

"नाही. तुला विचार म्हणाले."

"मंग तो हाय तसाच हाय." तिने गॅस बारीक केला. "जाड फांदी व्हती. म्होरं लंकाबाई पदर खोचून उभी. म्हणलं, ही गाठंल. कडाड वाजलं तशी मी निघाले. पुंजा वरडत व्हता, मला ऐकू आलं. तरी निघाले. तुझ्या बापानं मागून येऊन ढकललं. मी चिखलात पडले. तो ऱ्हायला खाली."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू दवाखान्यात पुंजावर चिडलीस. म्हणलं, ही माझ्यावर चिडली तर मी कुठं जाऊ? पुंजाला म्हणलं, ऱ्हाऊ दे तिचा राग तुझ्यावर. तो म्हणला, ऱ्हाऊ दे."

बाबा खाटेवर होते. मला वाटलं झोपलेत. ते म्हणाले, "बारा फुटाची फांदी व्हती. शेवटी लंकाबाईनंच नेली."

यावर आई हसली आणि मग बराच वेळ रडली. मी भाकऱ्या केल्या.

मी तीनशे बारा माणसांना खाच, काप आणि पाचर शिकवली. बघ्यांना लांब ठेवा, असं एक वाक्य प्रत्येक वर्गात असतं. ते मी शेवटच्या पाच मिनिटांत उरकत आले. कोण धावतं आणि का धावतं, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या पत्रानंतर माझ्या आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक तीच दिसते.

उपायही माझा नाही. आई डोळे पुसत म्हणाली, "फांदी आधीच आपली असली तर कोण कशाला धावंल?" मग तिने कपाटातलं जुनं हिरवं पातळ काढलं आणि काठाची एक चिंधी फाडली. "ही पत्रात घाल. झाड उभं असतानाच माझ्या फांदीला बांधायला सांग. बाकीच्यांनीबी बांधावी. हात लागलाच की मंग."

तर असं करा. जितकी घरं तितक्या फांद्या आधी ठरवा. प्रत्येक घराची चिंधी त्या फांदीला बांधा. मनोज दोन फांद्या उतरवायला चढेल तेव्हाच बांधेल. वाटणी झाड उभं असताना झाली पाहिजे.

चिंधी सोबत आहे. आई आणि बाबा दोघेही ८ तारखेला येतील.

मीना


करंजपाडा
२९ मे

चि. मीनास,
आशीर्वाद.

नऊ घरं, नऊ चिंध्या. वाटणी व्हायला दोन दिस लागले. झाड पाडणं सोपं.

मामीनं सगळ्यांना आंब्याखाली बोलावलं. मी तुझ्या आयची, सुलाची चिंधी दावली आन तिनं काय सांगून धाडलंय ते बोललो. सादड्याचं काय झालं ते त्यांना ठाऊकच हाय, त्या तिथंच व्हत्या. तेवढ्यात येक म्हणली, "आन फांदी बारकी निघाली तर?" दुसरी म्हणली, "तुझ्या नवऱ्यापेक्षा जाड हाय, घे." मंग हसू सुटलं आन कामाला लागल्या. लंकाबाईबी आली व्हती. सत्तरीची झाली आता. शेवटी काठीनं वर दावून म्हणली, "त्या उत्तरंकडच्या जाड फांदीला सुलाची बांधा."

मनोजनं चिंध्या बांधल्या, खोलीकडच्या दोन फांद्या हातकरवतीनं उतरवल्या. कमरंला दोरी व्हती, मी खाली उभा राहून बघितली. तुझी पट्टी मातुर मी बांधली नाय. कबड्डीच्या मैदानाला मारत्यात तशी फक्की मारली, तीस मीटरवर, गोल. रेघ वलांडली की बाद. हे इथं पोरालाबी कळतं.

बूट चावत व्हते. आता बसले.

या.

पुंजा


सातपूर
११ जून

ती. मामांस,
नमस्कार.

काम झाल्यावर नोंद लिहायची मला सवय आहे. प्रत तुम्हाला पाठवते.

८ जून, सुरुवात दहा वाजता. वारा नव्हता. वाळलेली फांदी वर एकही नव्हती; होत्या त्या मनोजने आधीच काढल्या होत्या. खाच बारा सेंटिमीटर खोल. साखळीची पट्टी आखूड असल्यामुळे मागचा काप दोन बाजूंनी घेतला, दोन्ही काप एका पातळीत भेटले. पाचर दोन. बिजागरी खोलीकडे पाच, लांबच्या टोकाला आठ. मी नंतर मोजली, बरोबर निघाली. झाड अकरा वाजून सतरा मिनिटांनी पडलं. ठरलेल्या रेषेपासून अर्धा मीटर पश्चिमेला. खोलीच्या पत्र्याला पानही लागलं नाही.

चूक एक. दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना मशीन गरम असतानाच तुम्ही झाकण उघडलंत. दहा मिनिटं थांबायचं असतं. पुढच्या वेळी हे दिसायला नको.

आता जे तुम्हाला दिसलं नाही ते. कडाड वाजलं तेव्हा तुम्ही ब्रेक लावून उजव्या वाटेने मागे येत होतात, तोंड झाडाकडे. मी रेघेपाशी होते. आवाजासरशी नऊच्या नऊ बायांचे खांदे पुढे झाले. मी पाहिलं. लंकाबाईचा पाय फक्कीवर पडला. आईने तिचा पदर धरला आणि म्हणाली, "कुठं चाललीस? तुझी फांदी काय पळून चालली का?" लंकाबाई म्हणाली, "सवय हाय गं." पाय मागे घेतला.

झाड पडलं. धूळ बसली. तुम्ही मशीन बंद करून खाली ठेवलीत, वर बघितलंत, मग हात वर केलात. तेव्हा बाया निघाल्या. चालत गेल्या. मी या कामात चार वर्षं आहे. इतकं चांगलं दृश्य मी पाहिलेलं नाही.

तुम्ही बाबांच्या खुर्चीजवळ गेलात तेव्हा मी मुद्दाम लांब थांबले. तरी ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, "दाजी." बाबांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "बूट झकास हायेत, पुंजा." त्यानंतर तुम्ही दोघं अर्धा तास बुटांबद्दलच बोललात. माझी हरकत नाही.

पुढच्या महिन्यापासून माझ्या वर्गाचा पहिला तास बदलतो आहे. मशीन टेबलावर ठेवायच्या आधी मी विचारणार आहे: तुमच्या गावात झाड पडल्यावर कोण धावतं? उत्तर आलं की पुढे.

आता फांदीचं. मनोजने पिकअपमधून आणून दिलेली आईची फांदी आमच्या गॅलरीत आहे. अडीच मीटर. एक टोक कठड्याबाहेर जातं. खालच्या मजल्यावरून दोनदा विचारणा झाली. आमच्याकडे गॅस आहे, त्यामुळे तिचा उपयोग शून्य. आई तिला करवत लावू देत नाही, हिरवी चिंधीही सोडू देत नाही. म्हणते, "पुंजा येईल, तो कापंल."

दवाखान्याच्या जिन्यात मी जे बोलले ते चूक होतं. माहिती न घेता बोलले होते. ते वाक्य मी मागे घेते.

येत्या रविवारी या. हरसूलहून सकाळची गाडी नऊच्या सुमारास नाशिकला येते. सीबीएस स्टँडवर मी उभी असेन. एवढ्या फांदीला मशीन लागणार नाही, तरी आणायची असेल तर आणा, बाबांना जवळून बघायची आहे. टाकी रिकामी करून आणा, साखळीच्या पट्टीवर झाकण लावून.

मामींनाही आणा. आणि बूट घालून या.

मीना